आधी तपासणी, मग गहू बंद

लोहाच्या गोळ्या चालू, बीट-खजूर चालू, तरी हिमोग्लोबिन आठाच्या वर चढायचं नाव घेईना. पुण्यातल्या त्या शिक्षिकेचं पोटही सारखं फुगायचं; ते ॲसिडिटी आणि शाळेच्या धावपळीच्या खात्यावर टाकलं गेलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, गहू सोडून बघ काही दिवस.’ काही दिवसांचे काही महिने झाले. पोट हलकं झालं, अंगात जोर आला. मग डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासलं, तर अहवाल नॉर्मल. आता हा सीलिॲक आजार आहे की नाही, हे कुणालाच सांगता येईना.

याला कारण आहे. सीलिॲकमध्ये गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतले केसांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. लोह मुख्यतः याच आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, म्हणून गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. रक्ततपासणीत शोधली जातात ती या लढाईत तयार होणारी प्रतिपिंडं. गहू बंद केला की ती हळूहळू कमी होतात, आतडंही भरून येऊ लागतं. पुरावाच पुसला गेल्यावर तपासणी काय दाखवणार?

या बाईंना पुन्हा पोळी खावी लागली, रोज, काही आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बरं वाटत असताना मुद्दाम आजारी पडण्याचाच हा प्रकार. पोट पहिल्याच आठवड्यात बिघडलं. हा वनवास टाळायचा असेल तर क्रम साधा आहे: नेहमीचं जेवण चालू ठेवून आधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी. सोबत टोटल आयजीए करून घ्यावं, कारण काहींच्या रक्तात आयजीएच कमी असतं आणि मग पहिली तपासणी फसवते. प्रतिपिंडं वाढलेली निघाली, तर मोठ्या माणसांत सहसा एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतात. जनुकीय तपासणीचा उपयोग मुख्यतः आजार नाही हे ठरवायला. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही दोन्ही जनुकं नसतील तर सीलिॲकची शक्यता जवळपास मावळते. पण असतील तर आजार आहेच, असं मुळीच नाही.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत ही जनुकं उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतात साधारण सारख्याच प्रमाणात, म्हणजे तिघांतल्या एकाच्या आसपास आढळली. रक्तातली प्रतिपिंडं मात्र उत्तरेत १.२३ टक्के लोकांत, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत. ताटातल्या गव्हाचा फरकही तसाच मोठा होता. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा हा संबंध ओळखून १९५० मध्ये युट्रेक्टला त्यावर प्रबंध लिहिला. उपचार आजही तोच आहे: ग्लुटेन आयुष्यभर बंद.

मराठी घरात हे वाटतं तितकं अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ घरातच असतात. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा ही उपासाची मंडळीही चालतात. पोळी, रवा, मैदा, शेवया आणि लापशी सोडायची हे कुणीही सांगेल. गफलत होते ती आडवाटेने आलेल्या गव्हात. मेतकूट, सातूचं पीठ आणि थालिपिठाची भाजणी यांत बहुतेकदा गहू असतो. डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे रोजच्या वरणाच्या फोडणीतूनच ग्लुटेन पोटात जातं. माल्टची पेयं, सोया सॉस आणि बिअर यांचीही लेबलं वाचावीत.

सर्वांत मोठी अडचण गिरणीची. भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन असतो. म्हणजे किलोभर ज्वारीत पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी मर्यादा ओलांडली. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी टाकली, तर पहिल्या पसाभर पिठातच त्याहून जास्त जाईल. बाईंनी गिरणीवाल्या काकांना विचारलं, ‘आमचं दळण आधी काढाल का?’ ते हसून म्हणाले, ‘ताई, आदल्या रात्रीचा गहू जात्यात असतोच की.’ त्यानंतर घरात घरघंटी आली आणि तिच्यात गहू टाकायचा नाही, हे सगळ्यांना बजावलं गेलं. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं झालं, पिठाच्या चाळण्याही वेगळ्या. बाहेर खाताना बटाटेवडा बेसनाचा असला, तरी त्याच कढईत समोसे तळले जातात का, हे त्या आता विचारून घेतात.

पथ्य सुरू झालं की काम संपत नाही. साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षाने प्रतिपिंडं पुन्हा तपासतात. ती उतरत नसतील तर कुठून तरी ग्लुटेन शिरतंय का, ते शोधायचं. लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व पाहावं लागतं, गरजेप्रमाणे हाडांची घनताही. आई-वडील, भावंडं आणि मुलांनीही तपासून घ्यावं, तक्रार नसली तरी. या बाईंच्या धाकट्या भावाला पोटाचा काहीच त्रास नव्हता. त्याचंही टीटीजी वाढलेलं निघालं. एंडोस्कोपी पुढच्या आठवड्यात आहे, आणि तोवर त्याच्या डब्यात रोज पोळी जाते आहे.