गोदौलियाच्या पुढे गाडी जात नाही

काशीत हॉटेल ठरवताना सगळे आधी खोलीचे फोटो बघतात. पांढऱ्याशुभ्र चादरी, भिंतीवर टीव्ही, काचेची न्हाणी, गच्चीवरून दिसणारी गंगा. माझं सांगणं एवढंच, की खोली सवडीने बघा, आधी तिच्यापर्यंत जायचा रस्ता बघा. सोबत वयस्कर माणूस असेल तर याला दुसरा पर्याय नाही.

आई आणि मावशीला घेऊन आम्ही कार्तिकात गेलो. दोघी सत्तरीपुढच्या, त्यात मावशीचा एक गुडघा बदललेला. हॉटेल नवंकोरं, लिफ्टचं, विश्वनाथाच्या देवळापासून पाच मिनिटांवर, अशी जाहिरात होती. दोघींचं वय सांगून मी फोन केला तेव्हा ‘गाडी दारापर्यंत येते’ असं ठामपणे सांगण्यात आलं. बाबतपूर विमानतळावरून केलेली टॅक्सी मात्र गोदौलिया चौकाच्या अलीकडेच थांबली. पुढे बॅरिकेड, पोलीस आणि दशाश्वमेध घाटाकडे निघालेला लोकांचा लोंढा. ड्रायव्हर म्हणाला, “माताजी, आगे पैदल ही जाना होगा.”

ती पाच मिनिटं तरुण आणि मोकळ्या हातांच्या माणसाची होती. गल्लीत दगडी चौके बसवलेले, त्यांवर पाणी आणि शेण. बॅगेची चाकं चौक्यांच्या फटीत अडकत होती, म्हणून बॅगा उचलूनच घ्याव्या लागल्या. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढ्या वाटेत मागून मोटारसायकलचा हॉर्न, आणि समोर वळणावर गाय उभी. मावशी प्रत्येक पायरीपाशी भिंतीला हात लावून थांबायची. हॉटेलपाशी पोचलो तर तळमजल्यावर साड्यांचं दुकान. लिफ्ट होती, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू व्हायची, आणि तिथवर एक अरुंद, उभा जिना होता. त्या जिन्यावर मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

खोली फोटोतल्यासारखीच होती. खोटं काही नव्हतं, फक्त पडद्यामागे काय आहे ते फोटोत नव्हतं. पडदा सारला तर हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत, आणि मध्ये एसीचे डबे घरघरत होते.

हे असं का होतं, ते समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. जुन्या बनारसची घरं मधल्या चौकाभोवती बांधलेली. उजेड आणि वारा चौकातून यायचा, भिंती शेजाऱ्याला लागून. अशा घराचं हॉटेल करताना चौकावर काच बसवून खाली लॉबी करतात. मग खोल्यांना बाहेरची खिडकी उरत नाही, आणि लॉबीतलं बोलणं रात्री थेट चौथ्या मजल्यापर्यंत चढतं. गल्ल्या तर मोटारीच्या कितीतरी आधीच्या. १३ डिसेंबर २०२१ रोजी खुल्या झालेल्या विश्वनाथ धामामुळे मंदिर ते ललिता घाट असा मोठा मोकळा परिसर झाला, पण आसपासच्या गल्ल्यांची रुंदी तीच राहिली. गर्दी मात्र वाढली. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, देवदिवाळी अशा दिवशी गोदौलिया ते मैदागिन हा हमरस्तासुद्धा वाहनांना बंद होतो.

म्हणून फोनवर ‘गाडी येते का’ एवढंच विचारू नका. गाडी नेमक्या कोणत्या चौकात सोडते, तिथून चालायचं किती, वाटेत पायऱ्या किती, आणि सामान घ्यायला हॉटेलचा माणूस चौकात येईल का, हे विचारा. सर्वांत उत्तम म्हणजे, चौकापासून हॉटेलच्या दारापर्यंत आणि दारापासून खोलीपर्यंत चालत काढलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. चांगला हॉटेलवाला दहा मिनिटांत पाठवतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे राहू नये. लिफ्ट जमिनीपासून आहे का, खिडकी उघडते का आणि ती कशावर उघडते, हेही त्याच व्हिडिओत दाखवायला सांगा. जे कबूल करतील ते लेखी, निदान मेसेजमध्ये घ्या. माझ्याकडे फोनवरचा शब्द होता, आणि काउंटरवर त्याची किंमत शून्य निघाली.

आगीचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही, तो इथे कराच. या गल्ल्यांत अग्निशमनाचा बंब शिरत नाही. आमच्या मजल्यावर दुसरा जिना होता, पण त्याच्या तोंडाशी गाद्या रचून ठेवलेल्या. मी मॅनेजरला बोलावून त्या हलवायला लावल्या, आणि तुम्हीही संकोच करू नका. खोली शक्यतो खालच्या मजल्यावर घ्या, सामान ठेवल्या ठेवल्या दुसरा जिना स्वतः चालून बघा, गच्चीचं दार आतून उघडतं का ते बघा. दुखणंखुपणं आलं तर रुग्णवाहिकाही चौकातच थांबणार. जुन्या शहराला जवळचं सरकारी रुग्णालय कबीरचौऱ्याला आहे, मोठं हवं तर लंका भागात बनारस हिंदू विद्यापीठाचं (बीएचयू) सर सुंदरलाल रुग्णालय. पेशंटला रस्त्यापर्यंत आणायला खुर्ची मिळेल का, हे रिसेप्शनवर पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पावसाळ्यात जाणार असाल तर आणखी एक. ऑगस्ट-सप्टेंबरात गंगा चढते, घाट पाण्याखाली जातात, नावा बंद होतात आणि दशाश्वमेधाची आरती वर गच्चीवर करावी लागते. नदी दिसणाऱ्या खोलीचे जास्तीचे पैसे त्या दिवसांत देऊ नका.

स्टेशनचंही नीट बघून घ्या. मुंबईची महानगरी वाराणसी जंक्शनला येते, पुण्याची ज्ञानगंगा बनारसला, म्हणजे पूर्वीच्या मंडुआडीहला. काही गाड्या शहरात येतच नाहीत, गंगेपलीकडे दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला, जुन्या मुघलसरायला उतरवतात. गाडी रात्री उशिरा पोचणार असेल तर पहिली रात्र कँटोन्मेंटकडे काढावी आणि सकाळी हलक्या सामानानिशी गल्लीत शिरावं. मोठ्या बॅगा आणूच नका. पाठीवरची सॅक बरी.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग लांब अस्सीला किंवा कँटोन्मेंटलाच राहावं. गुडघे अगदीच थकलेले असतील तर जरूर तसं करा, त्यात काही कमीपणा नाही. पण ज्याला जमेल त्याने जुन्या शहरातच राहावं, हे मी मनापासून सांगतो. आपल्या लोकांचा या गल्ल्यांशी जुना घरोबा आहे. आजचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारलेलं, घाटांना शिंद्यांची, भोसल्यांची नावं, आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडे पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरं. त्या बाजूच्या एका ओट्यावर आई टेकली, तर आतून एक आजी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि “कुठून आलात बाई?” असं शुद्ध मराठीत विचारत्या झाल्या. मावशी पुढचा अर्धा तास तिथून उठली नाही.

जुन्या शहरात राहण्याचं आणखी एक कारण म्हणजे विश्वनाथाची मंगला आरती. ती पहाटे ३ वाजता सुरू होते, आत त्याच्याही आधी जावं लागतं. लांब राहणाऱ्याला त्या वेळी रिक्षा शोधत फिरावं लागतं. आम्ही अडीचच्या सुमाराला दोघींचे हात धरून निघालो, गल्ली रिकामी होती, मोटारसायकल नाही की रेटारेटी नाही. मावशी जिनासुद्धा सावकाश, न थांबता उतरली. मोबाइल खोलीतच ठेवले, कारण आत नेऊ देत नाहीत. या आरतीचं तिकीट मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावर आगाऊ काढावं लागतं आणि जागा लवकर भरतात. तेव्हा आधी आरतीची तारीख पक्की करा, आणि हॉटेलचे पैसे त्यानंतरच भरा.