‘बा’ आणि ‘बर्री’

आमच्या पलूसमध्ये माणसं भेटली की ‘राम राम’ म्हणतात. वारकरी ‘राम कृष्ण हरी’ म्हणतात. कोणी ‘जय भीम’, कोणी ‘जय जिनेंद्र’, तर कोणी ‘सलाम आलेकुम’ म्हणतात. शाळेत आम्ही ‘नमस्ते’ म्हणतो. हे शब्द लहानमोठ्या सगळ्यांना चालतात. पण पुढचे बोलणे माणूस बघून बोलावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीत माझी एक चूक झाली. आमच्या द्राक्षबागेत छाटणीला कर्नाटकातली माणसे आली होती. त्यांच्यात एक आजोबा होते. त्यांचा नातू त्यांना ‘अज्जा, बा’ म्हणायचा. कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ये. चहा झाल्यावर मी पण मोठ्याने ओरडलो, ‘अज्जा, बा!’ सगळी माणसे माझ्याकडे बघू लागली. आजोबा काही बोलले नाहीत.

आई म्हणाली, “तू मला ‘तू’ म्हणतोस, मग बाईंना ‘तू’ म्हणशील का? आपल्याकडं कामाला आली म्हणून काय झालं?” मला फार लाज वाटली.

मग नातवाने सांगितले, परक्या मोठ्या माणसाला ‘बर्री’ म्हणायचे. ‘री’ लावला की मान दिला. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, ‘अज्जा, बर्री.’ आजोबा हसले आणि मराठीत म्हणाले, ‘आलो रं बाळा.’

शाळेत हे सांगितल्यावर बाईंनी नकाशात फिलिपिन्स देश दाखवला. तो सात हजारांहून जास्त बेटांचा देश आहे. तिथल्या फिलिपिनो भाषेत ‘का’ म्हणजे तू आणि ‘कायो’ म्हणजे तुम्ही. ‘पो’ हा मान देणारा शब्द आहे, आपल्या ‘जी’सारखा. तिथली मुले मोठ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात. आपण पाया पडतो तसेच ते.

मित्राला आणि मोठ्यांना असे विचारावे :
मराठी – कसा आहेस? कसे आहात?
हिंदी – तू कैसा है? आप कैसे हैं?
कन्नड – हेगिद्दीया? हेगिद्दीरा?
फिलिपिनो – कुमुस्ता का? कुमुस्ता पो कायो?

मोठा माणूस एकटा असला तरी आपण ‘तुम्ही’ म्हणतो. फिलिपिन्समध्येही तसेच आहे, याची मला गंमत वाटली.

मित्रांनो, दुसऱ्या भाषेतला शब्द शिकलात तर तो मोठ्यांना चालतो का, ते आधी विचारा. मग हाक मारा.

– इयत्ता ४ थी