आवाज एक, अर्थ वेगळे

बेल म्हटलं की आपल्याला महादेवाची पिंड आठवते. शाळेत बेल वाजली की मुलं वर्गाकडे पळतात. आणि कोर्टातून आलेला माणूस सांगतो, "बेल मिळाली." म्हणजे काय मिळालं? आरोपीला जामीन मिळाला.

पहिला बेल आपला. दुसरे दोन इंग्रजीतून आले. इंग्रजीत घंटेचा शब्द वेगळा लिहितात, जामिनाचा वेगळा. आपण मात्र कानाला ऐकू येईल तसं लिहितो. म्हणून मराठीत दोन्ही सारखेच दिसतात. असे शब्द आता गावोगाव झाले आहेत. अक्षर ओळखलं, पण अर्थ चुकला, तर नुकसान आपलंच. म्हणून आज तीन शब्द नीट पाहू.

सेल

बॅटरीत घालतो तो सेल. कापडाच्या दुकानावर पाटी असते, 'सेल'. म्हणजे स्वस्तात विक्री. सिकल सेल हा रक्ताचा आजार आहे. इथं सेल म्हणजे पेशी आणि सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. हा आजार आईबापांकडून मुलांत येतो. म्हणून लग्नाआधी मुलामुलीचं रक्त तपासून घ्यावं.

आता चौथा सेल. कागदावर 'सेल डीड' लिहिलेलं असतं. सेल डीड म्हणजे खरेदीखत. त्यावर सही करून नोंदणी झाली, की जमीन दुसऱ्याची होते. कुणी म्हणेल, "दादा, कर्जाचा साधा कागद आहे, करा सही." पण कागदावर सेल डीड दिसलं, तर हात तिथंच थांबवावा. कागद पुरा वाचावा. जाणत्या माणसाला दाखवावा. मगच काय ते ठरवावं.

चेक

'माल चेक केला' म्हणजे तपासला. 'चेकचा सदरा' म्हणजे चौकड्यांचा सदरा. बँकेचा चेक निराळा. तो बँकेला दिलेला लेखी हुकूम असतो : माझ्या खात्यातून अमक्याला इतके रुपये द्या. त्यावर तारीख, नाव आणि रक्कम हवी. रक्कम अक्षरांत आणि आकड्यांत, दोन्ही लिहावी. कोऱ्या चेकवर कधीही सही करू नये. पुढचा माणूस त्यावर हवा तो आकडा घालील. कुणाकडून चेक मिळाला, तर तो पेटीत ठेवून देऊ नये. 2012 सालापासून चेकची मुदत तारखेपासून तीनच महिने आहे.

मीटर

कापड मीटरनं मोजतात. एक मीटर म्हणजे 100 सेंटिमीटर. जुना वार याहून थोडा लहान, सुमारे 91 सेंटिमीटरचा. आपल्या देशात ही नवी मापं 1958 सालापासून येऊ लागली. भिंतीवरचा विजेचा मीटर मात्र लांबी मोजत नाही. तो विजेचे युनिट मोजतो. 10 वॅटचा दिवा 100 तास जळला, की एक युनिट होतं. मागच्या महिन्याचा आकडा या महिन्याच्या आकड्यातून वजा करावा. उरले तितके युनिट आपण वापरले. विजेचं बिल आलं, की हा हिशेब घरीच करून पाहावा.

मग अर्थ ओळखायचा कसा? शेजारचा शब्द पाहावा. बॅटरीजवळचा सेल वेगळा, डीडजवळचा वेगळा. तरीही उलगडा झाला नाही, तर सरळ विचारावं, "याला मराठीत काय म्हणतात?" विचारण्यात लाज नाही. न विचारता सही करण्यात धोका आहे.

अभ्यास
1. सेल या शब्दाचे चार अर्थ सांगा.
2. कोऱ्या चेकवर सही का करू नये?
3. आपल्या घरच्या विजेच्या मीटरचा आकडा वाचून वहीत लिहा.