कृत्रिम खांदा सैल का होतो?

हैदराबाद येथे १९७३ साली स्थापन झालेल्या मिश्र धातु निगम या सार्वजनिक उपक्रमात टायटॅनियमचे मिश्रधातू तयार होतात. याच शहरातील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही संस्था मूळच्या अस्थिरोग रुग्णालयातून वाढली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथील रुग्ण आजही उपचारासाठी या शहराची वाट धरतात. टायटॅनियम शरीरात गंजत नाही. मग कृत्रिम खांदा कालांतराने सैल का होतो?

धातू टिकला तरी त्याला धरून ठेवणारे हाड सजीव आहे, हे याचे मुख्य उत्तर होय. नेहमीच्या रचनेत दंडाच्या हाडावर धातूचा गोळा आणि खवाट्याच्या हाडावर पॉलिइथिलीनची उथळ वाटी बसवितात. ही वाटीच बहुधा प्रथम सैल होते, कारण तिला आधार देणारे हाड फारच थोडे असते. खांद्याभोवतीचे स्नायू दुर्बल झाले किंवा फाटले, की गोळा मध्यभागी न राहता वाटीच्या कडेवर दाब देतो. जात्याचा खुंटा सतत एकाच बाजूस रेटल्याने जसा डळमळू लागतो, तशीच वाटीची गत होते. स्नायू आधीच निकामी असल्यास, गोळा व वाटी यांच्या जागा उलट केलेला सांधा बसविण्यात येतो.

दुसरे कारण झिजेचे. पॉलिइथिलीनचे सूक्ष्म कण सुटतात. शरीरातील पेशी त्यांचा प्रतिकार करू लागतात आणि त्या प्रक्रियेत भोवतालचे हाडच विरघळते. तिसरे कारण जंतुसंसर्गाचे. पॅरिस येथे शल्यचिकित्सक पेआँ यांनी १८९३ साली प्लॅटिनम व रबर यांचा खांदा बसविला होता. सुमारे दोन वर्षांनी संसर्गामुळेच तो काढावा लागला. त्वचेवरील काही जंतू इतके संथ वाढतात, की ताप वा सूज न येता केवळ वेदना व जखडलेपणा जाणवतो.

बहुसंख्य कृत्रिम खांदे दहा वर्षांहून अधिक टिकतात. तथापि हाडाची झीज प्रारंभी दुखत नाही. ती क्ष-किरण चित्रातच दिसते. म्हणून खांदा उत्तम चालत असतानाही ठरलेल्या वेळी तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. बरा झालेला खांदा पुन्हा दुखू लागल्यास ‘वयामुळे दुखत असेल’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. झीज वेळीच ध्यानी आल्यास नवा सांधा बसविण्यास पुरेसे हाड शिल्लक असते. विलंब झाल्यास तेच उरत नाही.