बोथट बाणाचा जोर

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघाले की मुरबाड लागते, आणि नाशिकच्या वाटेवर कसाऱ्याच्या अलीकडे शहापूर. ठाणे जिल्ह्यातले हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याचे, साग आणि ऐनाच्या रानांचे. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आणि वारली लोकांच्या वाड्या या रानांच्या कडेने वसलेल्या आहेत. अशाच एका वाडीवर, माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी, आढ्याला खोचलेला एक जुना बाण मी पाहिला. काडी बारीक आणि सरळ होती, मागे पिसे बांधलेली होती. पण पुढे लोखंडी पाते नव्हते. त्या जागी सुपारीएवढे लाकडी बोंड होते.

‘‘याला टोक का नाही?’’ मी विचारले.

विद्यार्थ्याचे आजोबा हसले. ‘‘टोकाचा बाण फांदीत रुततो, मास्तर. तो काढायला शेंड्यावर कोण चढणार? हा लागला तर पाखरू खाली येते. नाही लागला तर बाण खाली येतो.’’

दुसऱ्या दिवशी मी वर्गात प्रश्न टाकला : एकाच धनुष्यातून, सारख्या वजनाचे दोन बाण सोडले, एक टोकदार, एक बोथट, तर कोणत्या बाणाचे बल जास्त? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, ‘‘टोकदार!’’ बोथट बाणात जोर कुठला, असेच सर्वांना वाटत होते. तेव्हा तो वाडीवरचा विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, मग पाखरू पडते कशाने?’’

विद्यार्थी मित्रांनो, त्याच्या या प्रश्नाचे उत्तर आपण शोधू.

समजा, बाणाचे वस्तुमान २५ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ३० मीटर आहे. त्याची गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्मी, सुमारे ११ ज्यूल भरते. एक किलोचे वजन सव्वा मीटरपेक्षा थोड्या कमी उंचीवरून पडले, तर ते जमिनीवर एवढीच ऊर्जा घेऊन येते. ही ऊर्जा धनुष्याने दिलेली आहे. पुढे टोक आहे की बोंड, यावर ती अवलंबून नाही. संवेगही दोघांचा सारखाच.

फरक पडतो तो बाण थांबताना. थांबताना बाण आपली ऊर्जा कार्यात खर्च करतो, आणि कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. टोकदार बाण १० सेंमी. आत शिरून थांबला, तर सरासरी बल सुमारे ११० न्यूटन येते. बोथट बाण १ सेंमी. अंतरातच थांबला, तर तेच बल ११०० न्यूटन होते. म्हणजे बोथट बाणाचे बल दसपट जास्त! वर्गाचे उत्तर चुकले होते.

मग टोकदार बाण आत शिरतो कसा? इथे दाब उपयोगी पडतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. टोकाचे क्षेत्रफळ १ चौ. मिमी. धरले, तर दर चौ. मिमी.ला ११० न्यूटन पडतात. २ सेंमी. व्यासाच्या बोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौ. मिमी. आहे, म्हणून तिथे दर चौ. मिमी.ला साडेतीन न्यूटनच येतात. बल दसपट, पण दाब सुमारे तिसावा हिस्सा. म्हणून टोकदार बाण भोसकतो आणि बोथट बाण ठोसा मारतो. पाखरासारखा लहान जीव त्या ठोशानेच पडतो. उत्तर युरोप आणि सायबेरियातले शिकारीही खारीसारख्या प्राण्यांसाठी बोथट लाकडी बाण वापरीत, कारण त्याने कातड्याला भोक पडत नसे.

बोंडाचा आणखी एक फायदा आहे. त्याच्या वजनाने बाणाचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. मागच्या पिसांना हवा अडते आणि बाण वाकडा झालाच, तर त्याची शेपटी पुन्हा ओळीत येते. लोखंड न वापरताही बाण सरळ जातो.

प्रयोग

हे सर्व पडताळण्यासाठी धनुष्याची गरज नाही. बांबूच्या ३० सेंमी. लांबीच्या दोन कांबी घ्या. एकीच्या टोकाला खिळा बसवा, दुसरीला लाकडाचे २ सेंमी. व्यासाचे गोल बोंड. बोंडाला अर्ध्यापर्यंत भोक पाडून त्यात कांब घट्ट बसवावी आणि जोडावर सुतळी गुंडाळून सरस लावावा. तांब्याची तार गुंडाळून दोन्हींचे वजन ५० ग्रॅम करा. कुंभाराकडची मऊ माती एका कुंडीत १५ सेंमी. जाड थापा. त्यावर ३ सेंमी. व्यासाची प्लॅस्टिकची नळी उभी धरा आणि एकेक कांब तिच्यातून सोडा. सोडताना कांबेचे टोक मातीपासून १ मीटर उंच असावे. मग रुतलेली खोली मोजा.

आमच्या वर्गात खिळ्याची कांब ५ सेंमी. रुतली, बोंडाची अर्धा सेंमी. सरासरी बल काढायचे सूत्र असे : बल × खोली = कांबेचे वजन × (उंची + खोली). वजन ०.४९ न्यूटन धरले की पहिल्या कांबेचे बल सुमारे १० न्यूटन आणि दुसरीचे सुमारे ९८ न्यूटन येते. तुमची माती वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण बोंडाचे बल जास्तच येईल.

एक इशारा

बाणाला बूच किंवा रबर लावले की तो निरुपद्रवी झाला, असा समज अनेकांचा असतो. वरचे आकडे पाहिलेत, तर तो किती घातक आहे हे कळेल. मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या खोबणीचे तोंड सुमारे ४ सेंमी. रुंद आणि ३.५ सेंमी. उंच असते. याहून मोठी वस्तू भोवतालच्या हाडावर अडते. २ सेंमी.चे बोंड मात्र थेट बुबुळावर आदळते. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका चालू असताना देशात ठिकठिकाणी मुलांनी बांबूचे धनुष्यबाण केले, आणि त्या खेळात कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाल्या. म्हणून बाण टोकदार असो वा बोथट, माणसाच्या किंवा जनावराच्या दिशेने तो कधीही सोडू नये.

शिकारीचाही काळ आता राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राणी मारणे गुन्हा आहे; शहापूरजवळचे तानसा अभयारण्य तर त्याआधीच, १९७० मध्ये, झाले. आजोबांचा बाण आता आढ्यालाच असतो. पण बल, दाब आणि गुरुत्वमध्य यांची नावेही न ऐकता ज्यांनी तो घडवला, त्यांनी फांदी, पाखरू आणि बाण यांचे निरीक्षण किती बारकाईने केले असेल! आपल्या घरी, शेतात, वाडीवर अशी जुनी अवजारे असतील. ती टाकून देण्याआधी एकदा हातात घ्या आणि त्यांचा आकार असाच का, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

विचार करा

१. बोंडाचा व्यास २ सेंमी.वरून ४ सेंमी. केला, तर क्षेत्रफळ किती पट होईल? बल तेवढेच राहिले तर दाब किती पट होईल?

२. झेल घेताना क्रिकेटपटू हात मागे का नेतो? वरच्या सूत्राने सांगा.

३. खिळा ठोकायला हातोडीचे तोंड सपाट, पण खिळ्याचे टोक अणकुचीदार का?