चिमुकला कॅमेरा आणि एक मिलिमीटरचा चेहरा

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण लहान कॅमेऱ्यांनाही लागू पडते. मात्र कॅमेऱ्याची मूर्ती लहान झाली, की त्याची काही किंमत मोजावी लागते. ती कोणती, याचा शोध मला एका घरगुती कारणाने घ्यावा लागला.

पवनी तालुक्यातील आमचे जुने गाव गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेले. या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. पुढे दोनेक वर्षांनी आजीच्या भावाने नागपूरहून आणलेल्या चिमुकल्या कॅमेऱ्याने आमच्या घरासमोर आजी-आजोबांचा फोटो काढला. आजोबा माझ्या जन्मापूर्वीच वारले. घर पाण्याखाली गेले. फोटोची प्रत ओलीने खराब झाली. पत्र्याच्या पेटीत उरले ते निगेटिव्ह आणि तो कॅमेरा. गेल्या दिवाळीत आजी म्हणाली, “तू तं कॉलेजात शिकून राहिला ना, बाबू! यातून त्यायचं तोंड तेवढं मोठं करून आन.”

कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी. पुढे भिंग, मागे फिल्म आणि मध्ये क्षणभर उघडणारी झडप, म्हणजे शटर. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यात काच जेवढी, तेवढाच बहुधा फोटो. मोठा करण्याचा प्रश्नच नसे. पण ते धूड खांद्यावर वाहून न्यावे लागे. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक या दम्याच्या रुग्णाला ते झेपेना. ३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याच सुमारास बार्नाक सिनेमाचीच ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म साध्या फोटोसाठी वापरून पाहत होता. सिनेमात फिल्म उभी सरकते आणि चौकट १८ × २४ मिलिमीटरची असते. त्याने फिल्म आडवी सरकवली, दोन चौकटींची एक केली आणि २४ × ३६ मिलिमीटरची चौकट मिळवली. हाच ‘लायका’, तो १९२५ मध्ये बाजारात आला. “लहान निगेटिव्ह, मोठे चित्र” हे तत्त्व येथून रूढ झाले.

याहून पुढे गेला वॉल्टर झॅप. त्याचा ‘मिनॉक्स’ १९३८ च्या सुमारास लाटव्हियातील रीगा येथे तयार होऊ लागला. मुठीत मावणाऱ्या या कॅमेऱ्याची चौकट फक्त ८ × ११ मिलिमीटर. तो ओढून उघडायचा, फोटो घ्यायचा, दाबून बंद करायचा; या ओढण्या-दाबण्यातच फिल्म पुढे सरकते. अवघ्या २० सेंटिमीटरवरून तो कागदपत्रे टिपू शकत असल्याने हेरांचा तो लाडका ठरला.

आमच्या घरचा कॅमेरा तिसऱ्या जातीचा, ‘११०’ नावाच्या डबीचा. ही डबी कोडॅकने १९७२ मध्ये आणली. तिच्यात १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म असते आणि चौकट १३ × १७ मिलिमीटरची. फिल्म ओवण्याची कटकट नाही. डबी बसवली की काम झाले. पण फिल्मला मागून दाबून सपाट ठेवणारी पट्टी कॅमेऱ्यात नसते, त्यामुळे रेखीवपणा थोडा कमी होतो. आमच्या कॅमेऱ्यात अंतर जुळवण्याचीही सोय नाही. भिंगाचे नाभीय अंतर लहान आणि छिद्रही बारीक असल्याने दोन-अडीच मीटरच्या पुढचे सर्व कामापुरते स्पष्ट येते.

आता आजीच्या मागणीचे गणित पाहू. भिंगाचे नाभीय अंतर सुमारे २५ मिलिमीटर, माणूस ५ मीटरवर. म्हणजे प्रतिमा २०० पट लहान. साडेपाच फुटांचा माणूस फिल्मवर जेमतेम ८ मिलिमीटर, आपल्याकडच्या तांदळाच्या लांब दाण्याएवढा! २० सेंटिमीटरचा चेहरा अवघा एक मिलिमीटर. तेच ५० मिलिमीटर भिंगाच्या लायकाने तो दोन मिलिमीटर आला असता आणि १५ मिलिमीटरच्या मिनॉक्सने पाऊण मिलिमीटरही नाही. क्षेत्रफळ पाहिले, तर ११० ची चौकट ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या जवळजवळ चौथा हिस्सा आणि मिनॉक्सची दहावा हिस्सा भरते. फोटो सातपट वाढवला, की चेहरा सातपट वाढतो. पण फिल्मवरचे कणही सातपट वाढतात. जे फिल्मवर उमटलेच नाही, ते कितीही मोठे केले तरी येणार कोठून?

भंडाऱ्याच्या स्टुडिओत चेहरा मोठा करून पाहिला. नाक-डोळे दिसेनात, नुसते ठिपके. तो कागद आजीला दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही. मग पूर्ण फोटोच सातपट करून घेतला. दार, ओसरी, कडेला कडुनिंबाचे खोड, आणि दाराशी ते दोघे.

आजीने तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. चेहरा मोठा होत नाही, त्याचे कारण मी सांगू लागलो; पण तिने हातानेच थांबवले. म्हणाली, “तोंड नाही दिसलं तं नाही दिसलं. उभं राहनं त्यायचंच आहे. अन् हे आपलं दार.”

फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. निगेटिव्ह मात्र मी कोरड्या पाकिटात जपून ठेवले आहे. मित्रहो, आपापल्या घरच्या पेट्या एकदा उघडून पाहा. प्रत खराब झाली तरी निगेटिव्हवरून दुसरी निघते. निगेटिव्ह गेले, तर जेवढे उमटले होते, तेवढेही जाते.