एनएफ-१ असलेल्या मुलाचे डोळे: तपासणी कुठे, खर्च किती?

मुलाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप-१, म्हणजे एनएफ-१, असल्याचं निदान झालंय? मग डोळे सांभाळा. अशा 100 मुलांपैकी साधारण 15 ते 20 जणांच्या दृष्टीच्या नसेवर गाठ होते, तीही बहुतेकदा पहिल्या सहा-सात वर्षांत. बऱ्याच गाठींना उपचार लागत नाहीत, पण लक्ष मात्र ठेवावंच लागतं.

तपासणी : आठ वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी मुलांच्या नेत्रतज्ज्ञाकडे न्या. सरकारी मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागात हे काम किरकोळ शुल्कात होतं. डोळा पुढे आला, तिरळा झाला, नजर कमी वाटली किंवा मूल फार लवकर वयात येऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

एमआरआय : त्रास नाही, तपासणी नॉर्मल आहे, तर निव्वळ खबरदारी म्हणून दरवर्षी एमआरआयची गरज नसते. करायचाच झाला, तर डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर ‘ब्रेन आणि ऑर्बिट, कॉन्ट्रास्टसह’ असं एकत्र लिहून घ्या. नाहीतर दुसरं बिल येतं आणि लहान मुलाला पुन्हा भूल द्यावी लागते. खासगी केंद्र फोनवर सांगतं त्या दरात कॉन्ट्रास्ट, भूलतज्ज्ञ आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी बहुधा नसते. सगळं धरून आकडा लेखी मागा. सीडी जपून ठेवा, नव्या रुग्णालयात ती लागते.

उपचार : गाठ वाढली किंवा नजर घसरली, तर सहसा कार्बोप्लॅटिन-विन्क्रिस्टिनची केमो देतात. ती वर्षभराहून जास्त चालते. कुणी ‘शेक देऊन मोकळे व्हा’ म्हणालं, तर आधी दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचं मत घ्या. एनएफ-१च्या मुलांत रेडिएशनमुळे नव्या गाठी होण्याचा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा धोका वाढतो.

पैसे : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. रेशन कार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. तुमची केमो कोणत्या पॅकेजमध्ये बसते, तेही तिथेच विचारा. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार असतील, तर राहण्याच्या सोयीसाठी पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात नाव नोंदवा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि सेंट ज्यूडची केंद्रं यांची माहिती तिथे मिळेल. रेल्वे सवलतीचा दाखलाही मागून घ्या.

दर भेटीला दोन्ही डोळ्यांच्या नजरेचे आकडे तारखेसह फाइलमध्ये लिहून घ्या. उपचार सुरू करायचे की थांबायचं, हे ठरवताना डॉक्टर आधी तेच पाहतात.